कोणाचं थडगं आहे ते दगडावरच लिहिलंय

आज सकाळी वसई किल्ल्यातून आले ती डोक्यात राख घालूनच.

फ्रान्सिस्कन चर्चच्या जमिनीत थडग्यांच्या शिळा आहेत. पावसाळा संपला की कमरेएवढं गवत, घाणेरी, टाकळा. गेले काही रविवार आम्ही आठ-दहा जण रीतसर विचारून तिथे जातोय. आज बघते तर आम्ही साफ केलेल्या एका शिळेवर प्री-वेडिंगवाल्यांनी रंगीत धुराचं नळकांडं पेटवलेलं. दगडावर हा एवढा गुलाबी डाग! फोटोग्राफरला म्हटलं, दादा, हे थडगं आहे. तर म्हणतो, "पोर्तुगीजांचं ना? मग आता कोणाचं आहे?"

ही तीच शिळा. पहिल्या रविवारी आम्ही ती कोरी समजून पुढे निघालो होतो. आमच्यातले एक काका, एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले, चपला काढून तिच्यापाशी बसले. सकाळचं तिरपं ऊन होतं. बाटलीतलं पाणी ओतलं, हाताने पसरलं, आणि अक्षरं वर आली. काकांना पोर्तुगीजचा गंध नाही. पण बोट फिरवत एकेक इंग्रजी अक्षर सांगत गेले, मी वहीत उतरवत गेले. लागलं नाही तिथे टिंब. अंदाजाने काही भरायचं नाही, हा आमचा नियम.

नाव झिजून गेलंय. शेवटचे शब्द राहिलेत: 'ए दे सेउस एर्देइरोस'. आणि त्याच्या वारसांचं.

हो, पोर्तुगीजांनी देवळं पाडली, लोकांना बाटवलं. मान्य. ते मला कॉमेंटमध्ये शिकवू नका, मी वसईचीच आहे. पण १७३९ च्या मे महिन्यात किल्ला पडला तेव्हा चिमाजीअप्पांनी शरण आलेल्यांना शस्त्रांसकट, बायकामुलांसकट जाऊ दिलं होतं. इतकी माणसं गमावून! त्यांचं नाव घेऊन थडग्यावर नाचणाऱ्यांना काय म्हणायचं? इथल्या चर्चच्या घंटा आपण देवळांत टांगल्या, नाशिकला नारोशंकराची घंटा हौसेने बघतो. घंटा आपली आणि थडगं मात्र परक्याचं?

मूळचे गोव्याचे डॉक्टर जेर्सन द कुन्हा यांनी इथले शिलालेख वाचून १८७६ मध्ये छापले. दगड दर पावसात झिजतोच आहे. आज उतरवलं नाही तर पुढच्या पिढीला टिंबंच मिळतील. म्हणून आम्ही शिळेला क्रमांक देतो, लांबी-रुंदी मोजतो, फोटो काढतो. भिंतीतला पिंपळ ओढून काढत नाही, मुळाबरोबर दगडही येतो. ते काम पुरातत्त्व खात्याचं. त्यांचं काम हळू चालतं, पण परवानगीशिवाय कुणीही कुदळ मारावी असंही नाही, हे कबूल.

लिहिता लिहिता राग जरा उतरलाय. त्या पोराला कदाचित खरंच कुणी सांगितलं नसेल.

'वारसांचं' म्हणजे काय ते मी काकांना सांगितलं, तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे पोरांसाठी जागा धरून ठेवली होती, ताई. आणि पोरं गेली निघून."

आज तो गुलाबी डाग बघून काका काहीच बोलले नाहीत. चपला काढल्या आणि बाटलीचं झाकण उघडलं.

पुढच्या रविवारी साडेसहाला या. विळा आणि मऊ ब्रश आणा. तारेची घासणी, अॅसिड, खडू यातलं काहीही नको. पाणी भरपूर लागेल.