चाकोरी सोडू नये

चाकोरीबाहेर पाऊल टाका, असं सांगणारे पाहुणे शाळेच्या दर गॅदरिंगला येतात. गॅदरिंग हिवाळ्यात असतं म्हणून त्यांचं निभतं. जुलैत त्यांना आमच्या पांदणीनं, म्हणजे शेताकडच्या कच्च्या वाटेनं, एकदा वावरापर्यंत न्यायला पाहिजे. तिथली चाकोरी बैलबंडीच्या चाकानं पाडलेली असते आणि तिच्याबाहेर टाकलेलं पाऊल परत येतं, चप्पल येत नाही.

चाकोरीची खरी कदर केली ती नॉर्वे-स्वीडनकडच्या लोकांनी. पायांना स्की नावाच्या लांब, अरुंद पट्ट्या बांधून बर्फावरून सरकत जायचं, हे त्यांचं क्रॉस-कंट्री स्कीइंग. त्याच्या क्लासिक प्रकारात बर्फात दोन समांतर खाचा पाडतात आणि दोन्ही स्की त्यातूनच सरळ सरकवतात. पानठेल्यावर कुणाच्या मोबाइलमध्ये हे दिसलं की पहिला प्रश्न ठरलेला, "थे लोकं बरफात नाल्या कायले पाडून राह्यले बे?" स्की आडवीतिडवी भरकटू नये, सगळा जोर पुढं जाण्यात लागावा, म्हणून. एका खाचेच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंत १७ ते ३० सेंटिमीटर अंतर आणि खोली २ ते ५ सेंटिमीटर, असा नियमच आहे. वळण अवघड असेल तर तिथं खाच पाडत नाहीत. आमची सगळ्यात खोल खाच नेमकी वळणावर असते, कारण ट्रॅक्टर तिथंच फसतो आणि निघेपर्यंत जागच्या जागी चाक फिरवतो.

अंतराचं तर विचारूच नका. बंडीच्या दोन चाकांमधलं अंतर एक, ट्रॅक्टरच्या चाकांमधलं दुसरं. बंडीचं एक चाक ट्रॅक्टरच्या खड्ड्यात, दुसरं वरंब्यावर, आणि वर बसलेला माणूस त्या दोन्हींच्या मधल्या कोनात.

त्यांच्याकडं ट्रॅक करायला रणगाड्यासारखे पट्टे असलेलं यंत्र असतं. त्याच्या मागचं फिरतं दातेरी पातं कडक बर्फ फोडून बारीक करतं, मागोमाग पाटा तो दाबतो आणि शेवटी जोडलेला साचा खाचा पाडतो. खरी गंमत पुढं आहे. हे काम शक्यतो रात्री करतात आणि मग काही तास त्यावर कुणाला येऊ देत नाहीत. दाबलेल्या बर्फाचे कण थंडीत एकमेकांना धरतात, खाच घट्ट होते. घाई केली तर पहिल्या दहा-वीस माणसांतच तिच्या कडा ढासळतात.

आमच्याकडं मुरूम पडतो. तो पावसाच्या आदल्या दिवशी पडतो आणि ढिगानं पडतो. काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते. तिच्यावर नुसता मुरूम टाकणं म्हणजे उपाशी म्हशीपुढं ढेप टाकणं. आधी वरची काळी माती खोदून काढायची, दोन्ही बाजूंनी नाल्या काढायच्या, खाली दगड, वर मुरमाचे थर, प्रत्येक थरावर पाणी आणि रोलर, मधला भाग उंच. हे पांदणीतल्या पोरासोरांनाही पाठ आहे. नाल्या मात्र होत नाहीत, कारण नाली म्हटलं की ती कुणाच्या धुऱ्यातून, म्हणजे बांधातून, जाणार हा प्रश्न येतो, आणि धुऱ्याची भांडणं आज्यापासून नातवापर्यंत पोचतात.

आता चालण्याचं तंत्र. स्की मधून कमानीसारखी उचललेली असते आणि तेवढ्याच भागाला खाली पकड देणारं मेण लावतात. सगळा भार एका पायावर टाकला की कमान दबते, मेण बर्फ धरतं, ढकलायला आधार मिळतो. भार अर्धवट ठेवला की पाय मागं घसरतो. नवशिक्याचं इथंच बिघडतं. मेण थंडी पाहून निवडायचं. बर्फ ओला असेल किंवा वितळून पुन्हा गोठलेला असेल, तर क्लिस्टर नावाचा काकवीसारखा चिकट पदार्थ लावतात. नव्या ओलसर बर्फात मेणाचा अंदाज चुकला की स्कीखाली गोळे धरतात आणि माणूस उंच होत जातो.

हे वाचून आम्हाला भरून येतं. आमच्या मातीत क्लिस्टर आधीच कालवलेलं आहे! पाऊस धो-धो असेल तेव्हा गारा, म्हणजे चिखल, पातळ असतो, पाय घसरतो पण सुटतो. खरा त्रास उघाडीच्या दुसऱ्या दिवशी. तेव्हा दहा पावलांत एकेक चप्पल दोन किलोची होते. उपाय अनवाणी चालणं. बोटं गाऱ्यात रोवता येतात. रुतलेला पाय सरळ वर ओढू नये. टाच जरा फिरवावी, आत हवा शिरली की तो आपसूक सुटतो. गमबूट घालणाऱ्यानं पाय आणि बूट यांच्या दोन वेगळ्या फेऱ्या धराव्यात. मोटारसायकलचं पुढचं मडगार्ड काढूनच ठेवावं आणि डिक्कीत खुरपं असू द्यावं. नाल्याची दरड चढताना पंजे बाहेर फाकवून आतल्या कडेवर जोर द्यायचा. चढावर स्कीवालेही तेच करतात, मागं मासोळीच्या काट्यासारखी नक्षी उमटते.

नॉर्वेत बिर्केबायनर नावाची ५४ किलोमीटरची शर्यत असते. १२०६ साली दोन योद्ध्यांनी छोट्या राजपुत्राला बर्फातून सुखरूप नेलं, त्याची आठवण म्हणून स्पर्धकांच्या पाठीवर साडेतीन किलोचं ओझं. आमची शर्यत दीडच किलोमीटरची, पण डोक्यावर युरियाची ४५ किलोची बॅग, आणि तीही राजपुत्रासारखीच जपायची, कारण भिजली की विरघळली.

दिवाळीपर्यंत गारा वाळतो आणि चाकोऱ्या दगडासारख्या टणक होतात. सायकलचं चाक एकदा आत गेलं की वळवता येत नाही, उतरताही येत नाही. आपलं वावर डाव्या हाताला मागं पडतं आणि थेट शेजाऱ्याच्या गोठ्यापुढंच थांबायला मिळतं.