आत्याच्या तेलाच्या डब्यावरून

परवा बडोद्यातल्या दांडिया बझारला आत्याकडे गेले, तर देवघराखाली शिंगतेलाचा, म्हणजे शेंगदाणा तेलाचा, पाच लिटरचा डबा. सील न फोडलेला. "हा इथे का?" म्हटलं, तर म्हणाली, "ते खायचं नाही. दिव्याला ठेवलंय. मुदत संपलेलं तेल दिलंय मेल्यांनी." ओट्यावर दुसरा डबा होता. त्याच कंपनीचा, तेवढाच, कोपऱ्यावरच्या दुकानातून १२० रुपये जास्त देऊन आणलेला. आत्या ७८ वर्षांची, आतोबांच्या पेन्शनवर राहते. गेली कित्येक वर्षं महिन्याचा किराणा ती एका स्वस्त साखळी दुकानातून आणते. दोन महिन्यांपासून ते बंद केलं आहे, कारण नात्यातल्या ग्रुपवर आलेला एक मेसेज.

तो मेसेज मलाही तीन ठिकाणांहून आला. मथळा ‘स्वस्त मॉलचं काळं सत्य’, सोबत एक व्हिडिओ. म्हणणं थोडक्यात असं: एक, मुदत संपलेल्या मालावरच्या तारखा थिनरनं पुसून नव्या छापतात. दोन, कंपन्या या दुकानांसाठी हलका माल वेगळा बनवतात. तीन, एमआरपी आधी फुगवून मग सूट दाखवतात. चार, न घेतलेल्या वस्तू बिलात घुसवतात. पाच, आज तोट्यात विकताहेत, कोपऱ्यावरची दुकानं बंद पडली की भाव दुप्पट करतील. सहा, तांदळात प्लास्टिक मिसळतात. शेवटी हात जोडलेलं चित्र आणि ‘आपल्या माणसांना वाचवा’.

मी २२ वर्षं बडोद्यातल्या एका वितरकाच्या एजन्सीत हिशेब लिहिले. साबण, चहा, बिस्किटं, टूथपेस्ट असा माल. कोणता माल कुठे कुठल्या भावानं जातो आणि पैसे कधी येतात, हे माझ्या हाताखालून गेलेलं आहे. म्हणून हे वाचून गप्प बसवत नाही.

आधी तारखांचं बघू, कारण आत्याचं नुकसान त्यानंच केलं. डबा खिडकीशी नेला आणि तिचं भिंग घेऊन दोघींनी वाचला. बारीक ठिपक्यांच्या अक्षरात दोन तारखा एकाखाली एक. वरची पॅकिंगची, खालची वापराच्या मुदतीची. आत्यानं वरची वाचली होती. ती उलटून गेलेली, म्हणून तिला वाटलं मालाची मुदत संपली. खालच्या तारखेला अजून सात महिने होते. मेसेजमध्ये लिहिलंच होतं, ‘डब्यावरची तारीख बघा, उलटून गेलेली असेल’. अहो, पॅकिंगची तारीख उलटून गेलेलीच असणार! जगातल्या कुठल्याही डब्यावरची ती उलटून गेलेलीच असते. असं लिहून म्हाताऱ्या माणसांच्या घरातलं चांगलं अन्न बाहेर काढायला लावलं, याचा मला खरा राग आहे. आत्यासारख्या किती जणींनी काय काय टाकून दिलं असेल, कोण जाणे.

आता तो व्हिडिओ. एक माणूस बोळ्यानं डब्यावरची शाई पुसतो आहे. दुकानाची पाटी नाही, गाव नाही, दिवस नाही. असे भामटे देशात नाहीत असं मी म्हणत नाही. तारीख बदलून अन्न विकणं हा गुन्हा आहे आणि तो करणारे अधूनमधून पकडलेही जातात. पण ज्याचा माल पडून राहतो त्याला तारीख पुसण्याची गरज पडते. स्वस्त दुकानाचा सगळा धंदा माल पडू न देण्यावर उभा आहे. डी-मार्टचं उदाहरण घेते, कारण ती चालवणारी अव्हेन्यू सुपरमार्ट्स शेअर बाजारात नोंदलेली आहे आणि तिचा वार्षिक अहवाल कुणालाही वाचता येतो. त्यातला मालाचा साठा आणि वर्षाची खरेदी शेजारी ठेवली, तर माल सरासरी महिना-सव्वा महिन्यात निघून जातो असं दिसतं. वर्षभर टिकणारा साबण तिथे सव्वा महिनासुद्धा थांबत नाही. त्याची तारीख पुसून काय मिळवायचं?

एवढं मात्र मान्य करते, की ‘एकावर एक फुकट’ अशी थप्पी दिसली तर तारीख जरूर बघावी. मुदत जवळ आलेला माल असा काढतात. त्यात फसवणूक नाही, पण दोन जणांच्या घरात चार पाकिटं संपत नाहीत.

तांदळातल्या प्लास्टिकचं एका परिच्छेदात उरकते. प्लास्टिक शिजत नाही, पाणी पीत नाही, तापलं की वितळतं. शिवाय प्लास्टिकचा कच्चा दाणा साध्या तांदळापेक्षा महाग पडतो, मग भेसळ करून कमावणार काय? रेशनच्या तांदळात काही दाणे वेगळे दिसले, पाण्यावर तरंगले, तर घाबरू नका. ते तांदळाच्याच पिठाचे, लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ घातलेले असतात, शंभरात एक या प्रमाणात. ते निवडून टाकू नका.

हलका माल वेगळा बनवतात, हे आत्याच्याच ओट्यावर तपासलं. दोन्ही तेलाचे डबे समोर होतेच. कंपनी तीच, वजन तेच, बारकोडखालचे आकडे तेच आणि बॅच नंबरसुद्धा एकच निघाला. एकाच दिवशी, एकाच कारखान्यात भरलेलं तेल. एक डबा दिव्याला आणि एक फोडणीला. आत्या बराच वेळ बोलली नाही.

यात अर्धं सत्य आहे ते वजनाचं. मोठ्या दुकानात कधी कधी वेगळ्या मापाची पाकिटं येतात. छोट्या दुकानात ५०० ग्रॅमचं असेल तर इथे ७५० चं. त्यामुळे भाव सरळ ताडून बघता येत नाही. त्यासाठी पाकिटावर आता एका ग्रॅमचा किंवा मिलिलिटरचा दर छापावा लागतो, एक किलोच्या वर असेल तर किलोचा. तोच आकडा बघायचा.

एमआरपीबद्दल. कंपनीच्या बंद पाकिटावरची एमआरपी दुकानदार छापत नाही, कंपनी छापते. आणि एकाच वस्तूवर वेगवेगळ्या ठिकाणी वेगळी एमआरपी छापून ग्राहकाला नाडायला जानेवारी २०१८ पासून मनाई आहे. म्हणजे ‘मॉलसाठी वेगळी एमआरपी’ हे साफ खोटं. पण डाळ, तांदूळ, शेंगदाणे, मसाले हे दुकान स्वतःच पिशव्यांत भरतं, तिथे एमआरपी त्यांचीच. तिथे ‘१८० ची डाळ १३५ ला’ असं लिहिलेलं असेल तर १८० कडे बघूच नका. १३५ ची तुलना हाथीखान्यातल्या, म्हणजे आमच्या बडोद्याच्या घाऊक धान्यबाजारातल्या, भावाशी करा. या एका बाबतीत मेसेजवाल्याचं अर्धं बरोबर आहे, आणि हे लिहिणं मला आवडत नसलं तरी लिहिते.

बिलात चुका होतात. एका दुकानात फळीवर ८५ लिहिलेलं फिनेल माझ्या बिलात ९७ नं लागलं होतं. दाखवलं, पैसे परत मिळाले. एकच पाकीट दोनदा मशीनखालून जाणं हेही होतं. दारातून बाहेर पडायच्या आधी बिल वाचा, एवढाच उपाय.

आता तोट्याचं. हा मुद्दा शहाणी माणसंसुद्धा मला ऐकवतात, म्हणून सविस्तर सांगते.

डी-मार्टचं पहिलं दुकान २००२ साली पवईत निघालं. मार्च २०२५ अखेर दुकानं ४१५. त्या वर्षाची विक्री साधारण ५७,७९० कोटी रुपये आणि निव्वळ नफा साधारण २,९२७ कोटी. म्हणजे शंभर रुपये विकले तर पाच रुपये राहिले. याला तोटा म्हणत नाहीत. हे पाच रुपये राहतात कसे, ते समजून घेतलं की मेसेज आपोआप गळून पडतो.

पहिलं कारण आमच्या एजन्सीच्या वहीत होतं. छोट्या दुकानाला आम्ही २१ दिवसांची उधारी द्यायचो. येणं व्हायचं ४० दिवसांनी, तेही आमचा मुलगा चार वेळा स्कूटर घेऊन जाऊन आल्यावर. एखादा चेक परत यायचा. ही उधारी, हे फेरे, हे व्याज शेवटी भावातच घालावं लागतं. डी-मार्टच्या ताळेबंदात पुरवठादारांची देणी बघा. आठवडाभराच्या खरेदीएवढीच निघतात. जो आठवड्यात पैसे मोकळे करतो त्याला कोण चांगला भाव देणार नाही? शिवाय मोठा माल थेट कंपनीकडून येतो, म्हणजे आमच्यासारख्या मधल्या माणसाचं कमिशनही वाचतं.

दुसरं, जागा. बहुतेक दुकानं स्वतःच्या मालकीच्या किंवा फार लांब मुदतीच्या भाडेपट्ट्याच्या जागेत आहेत. दर तीन वर्षांनी भाडं वाढवून मागणारा घरमालक नाही. झगमगीत मॉलच्या आत नाही, वस्तीजवळ, साध्या इमारतीत. दुकानंही एका भागात जवळजवळ काढतात, म्हणजे एका गोदामातून निघालेला ट्रक भरलेला जातो.

तिसरं, निवड कमी. लोणच्याचे पंधरा प्रकार ठेवायचे नाहीत, खपणारे तीनचार ठेवायचे. ही युक्ती त्यांचीही नाही. जर्मनीत एसेनला १९१३ साली अल्ब्रेख्त कुटुंबाचं छोटं दुकान निघालं. त्या घरच्या कार्ल आणि थिओ या भावांनी पुढे त्याची साखळी केली, तिला १९६२ पासून आल्डी म्हणतात. नेहमीच्या सुपरमार्केटमध्ये तीसएक हजार वस्तू असतात तिथे हे दोनेक हजारांवर भागवतात. साठ वर्षं उलटली, भाव दुप्पट करून लोकांना लुटलं नाही, कारण समोरच्या रस्त्यावर लिडल हे तसंच दुसरं स्वस्त साखळी दुकान उभं आहे. बडोद्यातही रिलायन्सची दुकानं आहेत, दहा मिनिटांत घरी माल आणून देणारी ॲप्स आहेत, आणि हाथीखाना आहेच. भाव दुप्पट केला तर लोक रस्ता ओलांडतील.

चौथं, कपडे, बादल्या, स्टीलचे डबे, टॉवेल. यांच्यावर किराण्यापेक्षा सुटतं जास्त. साखर घ्यायला गेलेला माणूस टॉवेल घेऊन येतो, आणि दुकानाला हे चांगलं माहीत आहे. ‘तुमच्या खिशावर डोळा आहे’ असं मेसेजमध्ये लिहिलंय ते या अर्थानं खरं. यादी घेऊन जा.

आणि लोक पुन्हा पुन्हा जातात ते कसल्या कार्डासाठी किंवा पॉइंटसाठी नाही. आजचा भाव पुढच्या महिन्यातही साधारण तोच असेल, सेलची वाट बघावी लागणार नाही, हा भरवसा असतो म्हणून.

हे मी आत्याला सांगत होते तेव्हा माझ्या लक्षात आलं, की तिला हे नवीन नाहीच. चाळीस वर्षं ती दर मार्च-एप्रिलला आतोबांबरोबर हाथीखान्यात जाऊन वर्षाचे गहू घ्यायची. हंगामात, पोत्यानं, रोख पैसे मोजून. घरी आणून चाळायचे, निवडायचे, दिवेल (एरंडेल) लावून कोठीत भरायचे. गल्लीतल्या दुकानापेक्षा किलोमागे चांगले पैसे वाचायचे. तेव्हा कोणी म्हटलं नाही की ते गहू सडके म्हणून स्वस्त. "आत्या, तू जे करायचीस तेच ते मोठ्या मापात करतात," म्हटलं. म्हणाली, "पण मी गहू दाताखाली चावून बघायचे." खरं आहे. बंद पिशवी चावून बघता येत नाही. म्हणून तर तारीख, बॅच आणि किलोचा दर वाचायला शिकायचं.

कोपऱ्यावरच्या दुकानदाराविषयी मला आकस नाही. त्याची अडचण खरी आहे. मोठ्या खरेदीदाराला कंपनी ज्या भावात माल देते तो भाव त्याला मिळत नाही. २०२१ च्या अखेरीस देशभरातल्या वितरकांच्या संघटनेनं याच तफावतीवरून मोठ्या कंपन्यांना माल न उचलण्याचा इशारा दिला होता, आणि आमच्या एजन्सीच्या लोकांना तेव्हा ती मागणी रास्त वाटत होती, मलाही. त्यासाठी भांडायचं तर कंपन्यांशी उघड भांडावं. म्हाताऱ्या बाईला तिच्या तेलाची भीती घालून नव्हे. आत्याचा दुकानदार पावसात अर्धा किलो साखर घरी पोचवतो, महिनाअखेरीपर्यंत थांबतो. त्याच्याकडून घ्यायच्या गोष्टी ती घेतच राहील.

मेसेज लिहिणाऱ्याला माझं एवढंच विचारणं आहे: व्हिडिओतलं दुकान कुठलं, गाव कुठलं, दिवस कुठला? सांगा, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर मी स्वतः तक्रार नोंदवते, माझ्या नावानं. ग्रुपवर हे विचारून नऊ दिवस झाले.

डबा मी देवघराखालून उचलून ओट्यावर ठेवला. आत्यानं भिंग घेऊन खालची तारीख पुन्हा एकदा स्वतः वाचली, मग सुरी मागितली.