थापटीचा मान

गेल्या गुरुवारपासून मी नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानाच्या ट्रॅकवर सगळ्यांच्या उलट्या दिशेने चालतो आहे. एका काकांना टाळायचं म्हणून. उलटं चाललं की तोच माणूस प्रत्येक फेरीत दोनदा समोर येतो, हे गणित आधी सुचायला हवं होतं.

प्रकरण वडिलांच्या स्पूलच्या टेपरेकॉर्डरचं आहे. व्हॉल्व्हचा, म्हणजे आत काचेच्या नळ्या असलेला, बारा किलोचा, समोर आवाजाची पातळी दाखवणारा हिरवा मॅजिक आय. सात इंची स्पूल, त्यावर १२०० फूट फीत. सेकंदाला पावणेचार इंच या चालीने एक बाजू तासाभराला थोडी जास्तच चालते. १९६३ साली कॅसेट आली आणि पुढे कधीतरी हा आमच्या माळ्यावर गेला. मध्यंतरी बायकोने "भंगारवाल्याला देऊ का?" असं नुसतं विचारलं. तिला उत्तर म्हणून मी तो दुरुस्त करायला घेतला.

सुरू केल्यावर नुसती घूं घूं. ही घूं घूं शंभर हर्ट्झची असली की आतली वीज एकसारखी करणारा फिल्टरचा कंडेन्सर वाळला समजायचं. मूळचा ५० मायक्रोफॅरड, ३५० व्होल्टचा. आता मिळतो तो ४७ मायक्रोफॅरड, ४५० व्होल्टचा, पण मिळतो म्हणजे काय! एम.जी. रोडवर तीन दुकानांत विचारलं. दोघांनी मोबाईलची कव्हरं दाखवली. तिसरा म्हणाला, "सर, एवढ्यात ब्लूटूथ येईल." शेवटी कुरिअरने मागवला. प्लग काढल्यावरही आतल्या कंडेन्सरमध्ये अडीचशे व्होल्ट दबा धरून बसलेले असतात, म्हणून ते आधी उतरवायचे. चालू यंत्रात काम करायचं तर एक हात खिशात ठेवायचा, म्हणजे करंट एका हातातून दुसऱ्या हातात, छातीतून आरपार जात नाही. खिशात हात घालून टेबलापाशी उभा असलेला मला पाहून बायको म्हणाली, "दुरुस्ती चाललीये की फोटोला उभे आहात?"

घूं घूं गेली. रेकॉर्ड-प्लेचा स्विच स्पिरिटने पुसला, खरखर गेली. डांबर झालेला पट्टाही बदलला. मग नवीन खेळ सुरू झाला: दहा मिनिटं झकास वाजायचा आणि गप्प व्हायचा. थंड करून पहिल्यापासून लावला की पुन्हा दहा मिनिटं. त्यामुळे फितीवरच्या आत्याच्या गाण्याची पहिली दहा मिनिटं मला श्वासासकट पाठ झाली. अकरावं मिनिट कधी ऐकलंच नाही.

तीन आठवड्यांनी हार मानून रिक्षात घातला आणि रविवार कारंजाजवळच्या एका मिक्सर-पंखेवाल्याकडे नेला. रिक्षावाल्याने सामानाचे वेगळे तीस घेतले. तो विषय पुन्हा कधीतरी.

दुकानात ते काका होते. मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत मिक्सरचं भांडं.

"हार्मोनियम का?"

"टेपरेकॉर्डर."

"अस्सं. कितीला देताय?"

"विकायचा नाहीये, काका."

"मग इथे कशाला आणलाय?"

पोऱ्याने सिरीज बोर्डावर, म्हणजे मधे बल्ब जोडलेल्या लाइनवर लावला. बल्ब एकदा भक्कन उजळून मंद झाला, म्हणजे शॉर्ट नाही. हे मला माहीत होतं. पण काकांनी "बघा, शॉर्ट नाही" असं मला समजावलं. मग थेट लाइनवर घेतला. आत्या गाऊ लागली. काका मान डोलावत त्यांच्या फ्रिजची कहाणी सांगू लागले. २००८ च्या पुरात सराफ बाजारात पाणी शिरलं, तेव्हा त्यांचा फ्रिज निम्मा बुडाला होता म्हणे. आमच्याकडे गोदावरीचा पूर नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर मोजतात.

"दुतोंड्या मारुतीच्या कुठवर पाणी होतं, आठवतंय ना? तेवढ्या पुरातला फ्रिज! चार दिवस उन्हात ठेवला, दोन फटके दिले. आजतागायत चालू."

"फटके कशाला?"

"यंत्राला आपण आहोत हे कळायला लागतं. मी चौतीस वर्षं नोट प्रेसला होतो."

"मशिनवर?"

"छे, हिशेबात. मशिनला हात लावू द्यायचे नाहीत. तेच तर दुःख आहे."

एवढ्यात दहा मिनिटं भरली आणि आत्या गप्प झाली. मी पोऱ्याला सांगू लागलो, की तापल्यावर जातो त्या अर्थी कुठेतरी ड्राय सोल्डर, म्हणजे नीट न धरलेला कथलाचा डाग असणार, तो प्रसरण पावून सुटत असणार... आणि काकांनी उठून टेपच्या उजव्या कुशीत सणसणीत थापट मारली.

खर्र झालं. आणि आतून माझे वडील म्हणाले, "हॅलो, हॅलो. येतोय का आवाज?"

त्यांचा यंत्रावर भरवसा नव्हता, गाण्याच्या मध्येच विचारून बघायचे. हा अकराव्या मिनिटातला आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होतो. घशात काहीतरी अडकलं. उत्तर द्यायला मी तोंड उघडणार, तोच काका ओरडले, "येतोय, येतोय! एकदम क्लिअर!"

दुकान हसलं. पोऱ्याने टाळी दिली, मला नव्हे. तपासणीचे दोनशे रुपये मात्र माझ्याकडूनच घेतले, आणि त्या काकांच्या मिक्सरचं कपलर फुकट बसवून दिलं. तीन आठवडे, एक कंडेन्सर, अर्धी बाटली स्पिरिट, सगळं पाण्यात. दुरुस्ती ती काकांची.

त्या रात्री घरी दहा मिनिटांनी टेप पुन्हा गप्प. मला जो आनंद झाला, तो सांगण्यासारखा नाही. झाकण काढलं, डावा हात खिशात घातला आणि कोरड्या लाकडी काडीने एकेका सांध्यावर हलकेच टकटक करत गेलो. आउटपुट व्हॉल्व्हच्या सॉकेटपाशी एक डाग होता, फिकट, भोवती केसाएवढी गोल चीर. टकटक केली की बाबा, सोडली की शांतता. नव्याने डाग दिला. तेव्हापासून पूर्ण बाजू वाजते.

टकटक म्हणजेही थापटच, हे मला कळतं. बायकोलाही कळलं, आणि तिने ते बोलूनही दाखवलं.

आज सकाळी तिसऱ्या फेरीला काकांनी मला अडवलंच. सोबत कानटोपीवाले एक गृहस्थ.

"हेच ते, ज्यांचा टेप मी दुरुस्त केला. वाजतोय ना अजून?"

"वाजतोय," मी म्हणालो. ड्राय सोल्डर, सॉकेट, चीर, सगळं ओठांवर आलं होतं.

"यांचा जुना रेडिओ बंद पडलाय," काका म्हणाले आणि हाताची बाही वर सारू लागले. "तुमच्याकडे घेऊन येऊ का? तुम्ही नुसतं झाकण उघडून द्या."