साडेतीन वॅट आणि कपाटाएवढे स्पीकर: लुनावाल्या भाऊंना उत्तर

भाऊ, ट्यूब अॅम्प्लिफायरवरच्या (काचेच्या व्हॅक्यूम ट्यूबवर चालणारा तो) माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. ‘साडेतीन वॅटच्या ट्यूब अॅम्प्लिफायरवर कपाटाएवढे स्पीकर म्हणजे लुनाच्या इंजिनानं ट्रक ओढणं, बास ढिला येणारच, आणि नवख्यांना तुम्ही खड्ड्यात घालताय,’ असं तुमचं म्हणणं. लुनाचं पटलं नाही. ढिल्या बासचं पटलं. नवख्यांचं झोंबलं, कारण तिथं चूक माझी आहे.

आधी लुना. ट्रक मोठा म्हणून जड. स्पीकरचं बरेचदा उलटं असतं. माझ्याकडे 15 इंची वूफर (बासचा स्पीकर) आणि वर हॉर्न (भोंगा) आहे, 1 वॅट दिला की 1 मीटरवर 98 डेसिबल आवाज. तुमचे शेल्फवरचे स्पीकर तुम्हीच 86 डेसिबलचे सांगता. फरक 12 डेसिबलचा, आणि दर 3 डेसिबलला वॅट दुप्पट लागतात, म्हणजे 16 पट. माझ्या साडेतीन वॅटला निघतो तेवढा आवाज काढायला तुमच्या स्पीकरला 56 वॅट पाजावे लागतील. तुमचा अॅम्प्लिफायर 50 वॅटचा ना? मग लुनावर बसलंय कोण?

खोकं मोठं आहे ते काही हौस म्हणून नाही. खोल बास, कमी वॅटमध्ये भरपूर आवाज आणि छोटं खोकं, यातल्या दोनच गोष्टी मिळतात. तुम्ही जागा वाचवली, मी हॉलचे दोन कोपरे घालवले (घरी काय ऐकून घेतलं ते विचारू नका). 1930च्या दशकात सिनेमागृहांनी हेच केलं, कारण तेव्हा जास्त वॅट मिळतच नव्हते. वेस्टर्न इलेक्ट्रिकची 300बी ही ट्यूब 1938ची. एकटी असली तर जेमतेम 8 वॅट देते.

माझ्या अॅम्प्लिफायरमधली 2ए3 ही ट्यूब त्याहून लहान. रोजच्या ऐकण्याला सरासरी 1 वॅटचा तिसावा भाग पुरतो. पण आपल्या नागपुरात वाढलेल्या वसंतराव देशपांड्यांची तान अचानक उसळते, तबल्यावर थाप पडते, तिथं सरासरीच्या वर 20 डेसिबल, म्हणजे 100 पट वॅट लागू शकतात. तिसाव्याच्या 100 पट म्हणजे सव्वातीनच्या वर. मी काठावर आहे, कबूल. मे महिन्यात कूलरच्या घरघरीवर आवाज चढवला की काठ ओलांडलाच. म्हणून उन्हाळ्यात रात्री कूलर बंद करून, घाम पुसत ऐकतो. वर ट्यूबची धग आहेच.

आता बास. फीडबॅक (बाहेर पडणारा सिग्नल परत आत घेऊन चुका सुधारणारी जोडणी) नसलेल्या अशा अॅम्प्लिफायरचा आउटपुट इम्पिडन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, दोन-अडीच ओहम असतो. स्पीकरचा इम्पिडन्स मात्र एका जागी थांबत नाही. कुठं 5 ओहम, तर बासच्या रेझोनन्सला (ज्या सुराला वूफर आपसूक जोरात थरथरतो तिथं) 40. जिथं तो चढतो तिथं आवाजही फुगतो, जवळपास 3 डेसिबलनं. शिवाय स्पीकरचा हलणारा कोन (पडदा) थांबवायला अॅम्प्लिफायरची पकड कमी पडते. तुम्हाला ढिला वाटला तो हाच बास. मी अॅम्प्लिफायरच्या ट्रान्सफॉर्मरच्या 8 ओहमच्या टॅपवरून (जोडणीच्या टोकावरून) 4च्या टॅपवर तार हलवली. थोडे वॅट गेले, पण बास आवळला गेला.

आणि माझी चूक. ‘मोठा स्पीकर असेल तर बिनधास्त लावा’ हे मी लिहायला नको होतं. ते वाचून महाल भागातल्या एका मित्रानं ट्यूब अॅम्प्लिफायर घेतला आणि छातीएवढ्या उंच, देखण्या स्पीकरला जोडला. कागदावर 90 डेसिबल होते. पण ते 2.83 व्होल्टला मोजलेले, आणि स्पीकर 4 ओहमचा. तिथं 2.83 व्होल्ट म्हणजे 1 नव्हे, 2 वॅट. खरे डेसिबल 87, त्यात इम्पिडन्स मध्येच 3 ओहमपर्यंत कोसळतो. पहिल्या तिहाईलाच आवाज फाटला, आणि त्यानं मला रात्री साडेअकराला फोन केला. त्या लेखातलं वाक्य आता बदललं आहे: उंची बघू नका, डेसिबल किती वॅटला मोजलेत आणि इम्पिडन्स कुठवर खाली जातो ते बघा.

रविवारी या, तुमचा 50 वॅटचाही सोबत आणा. माझ्या हॉर्नवर त्याची सळसळ ऐकू येते का बघू. माझ्या 2ए3ची गुणगुण येते, ती आधीच सांगून ठेवतो.