‘गाडीला कधी हात तरी लावलाय का?’ : कोकणपुत्र यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

कोकणपुत्र यांस,

(खऱ्या नावाने लिहिलं असतंत तर बरं वाटलं असतं, पण असो.)

‘आपल्या गावाला कॉम्पॅक्टर (म्हणजे कचरा यंत्राने दाबून नेणारी मोठी गाडी) कशाला हवा’ या माझ्या पोस्टखाली तुम्ही जे लिहिलंत ते रात्री साडेअकराला वाचलं आणि झोप उडाली, हे आधीच कबूल करतो. बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. मी लिहिलं होतं की कॉम्पॅक्टरमध्ये ओला-सुका कचरा परत एकत्र होतो, त्यापेक्षा पाच छोट्या गाड्या घ्या. तुमचं म्हणणं, एक कॉम्पॅक्टर चार-पाच घंटागाड्यांचा कचरा एका फेरीत नेतो म्हणून डिझेल वाचतं, ओला-सुका वेगळा करणं हे आजकालचं सरकारी फॅड आहे, मी टाकलेला फोटो कॉम्पॅक्टरचा नाहीच, आणि अख्ख्या पोस्टमध्ये गाडीवरच्या पोरांबद्दल एक ओळ नाही. आणि शेवटी हे, "काका, खुर्चीत बसून लिहायला काय जातं, कचऱ्याच्या गाडीला आयुष्यात कधी हात तरी लावलाय का?"

फोटोचं खरं आहे. तो डंपर प्लेसर आहे, दोन हायड्रॉलिक हात असलेला, कोंडाळं साखळीने उचलून पाठीवर घेणारा. मुलीने फोटो शोधून दिला, मी न बघता चिकटवला. चूक माझी, फोटोखालची ओळ बदलली आहे, धन्यवाद. हे एवढंच तुम्ही नीट शब्दांत सांगितलं असतंत तर विषय इथेच संपला असता.

पण "हात तरी लावलाय का".

अहो, १९८८ ला मी नगरपरिषदेच्या गॅरेजला हेल्पर म्हणून लागलो तेव्हा गावात कचऱ्याची ‘गाडी’ नव्हतीच, एक ट्रॅक्टर आणि त्याची ट्रॉली होती. कोपऱ्याकोपऱ्यावरच्या सिमेंटच्या कोंडाळ्यातून फावड्याने पाटी भरायची, पाटी डोक्यावर, डोक्यावरून ट्रॉलीत, आणि पावसात त्या पाटीतनं जे काय मानेवर गळायचं त्याचं वर्णन जेवणाच्या वेळेला कुणी वाचत असेल म्हणून करत नाही. ट्रॉलीचं फाळकं गंजून अडकलेलं असायचं, ते टॉमी (लोखंडी दांडा) घालून उघडायचं काम माझं. २०१९ ला रिटायर झालो तोपर्यंत त्याच गॅरेजमध्ये होतो, शेवटची अकरा वर्षं फोरमन. खुर्ची होती, नाही म्हणत नाही. तिचा एक पाय तुटलेला होता आणि खाली जांभ्याचा चिरा लावलेला होता.

आणि तुमच्या त्या लाडक्या कॉम्पॅक्टरला तर मी इतका हात लावलाय की माझ्या डाव्या अंगठ्याला अजून नख धड येत नाही. झालं असं की मागच्या टेलगेटचं रबर सील बदलायचं होतं. टेलगेट वर उचललं की खाली आडवा दांडा, म्हणजे सेफ्टी प्रॉप लावायचा हा नियम, पण तो दांडा गाडीबरोबर आला तसा महिन्याभरात कुठे गेला कुणास ठाऊक, वर कळवून झालं, नवीन आला नाही, मग आम्ही लाकडाचा वासा लावायचो. त्या दिवशी होज, म्हणजे हायड्रॉलिक ऑइलचा पाइप, फुटली. ऑइलची चिळकांडी उडाली, वासा सरकला आणि ते सगळं धूड वीतभर खाली आलं. वीतभरच. पण मधे माझा अंगठा होता. आता सांगा, खुर्चीत बसून लिहितोय मी?

ती गाडी आली तेव्हा नारळ फुटला, बॉनेटवर हळदकुंकू, पेपरवाला फोटोला, सगळं झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी बाजारपेठेतनं मासळी बाजाराकडे वळताना जी अडकली ती अडकलीच. एका बाजूला गटार, एका बाजूला कुणाच्या तरी आजोबांनी बांधलेला गडगा, मागे रिक्षांची लाइन. ड्रायव्हर आमचा तिकडे देवरुखकडचा, खिडकीतनं डोकं काढून मला म्हणतो, "सायेब, ह्यो हत्ती आपल्या गावात नाय चालायचा." पहिल्याच दिवशी त्याला कळलं ते टेंडर काढणाऱ्यांना कळलं नव्हतं. आमच्या गावातली निम्मी घरं पाखाडीला, म्हणजे पायऱ्यांच्या वाटेला आहेत हो, तिथे सायकलसुद्धा हातात धरून न्यावी लागते. मग काय, छोट्या गाड्यांनी कचरा गोळा करायचा, स्टँडमागच्या मोकळ्या जागेत ओतायचा, परत फावड्याने कॉम्पॅक्टरमध्ये भरायचा आणि तिथनं चार किलोमीटरवर कचरा डेपो. चार किलोमीटर! त्यापेक्षा छोटी गाडी थेट जाऊन रिकामी होऊन परत आली असती. वाचलेल्या डिझेलचा हिशोब तुम्हीच करा, आणि त्यात हेही धरा की दाबायचं काम चालू असताना गाडी जागेवर उभी असली तरी हायड्रॉलिक पंपाला इंजिन चालूच ठेवावं लागतं.

कॉम्पॅक्टर वाईट असं मी मूळ पोस्टमध्ये कुठेही म्हटलेलं नाही, परत वाचा. मुंबईत देवनार नाहीतर कांजूरमार्गच्या कचरा डेपोला लांबून ट्रॅफिकमधनं कचरा न्यायचा तर तोच पाहिजे. हे यंत्र अमेरिकेत १९३८ च्या सुमाराला गार वूड कंपनीने बाजारात आणलं, तिकडच्या कचऱ्यात कागद, पुठ्ठे, डबे, म्हणजे निम्मी हवाच. हवा दाबली की गाडीत जागा होते. आपल्या कचऱ्यात निम्म्याच्या आसपास ओला माल, तो आधीच जड, त्यातनं दाबून काय निघणार? पाणी निघतं. मासळी बाजाराचा कचरा, कोलंबीची सालं, बांगड्याच्या आतड्या, वर जूनचा पाऊस हॉपरमध्ये (गाडीच्या मागचा कचरा टाकायचा हौद), आणि प्लेट दाबायला लागली की खालच्या टाकीत जो रस जमतो तो मी बादलीने काढलाय. टाकी भरली की सीलमधनं धार. चढावर गाडी गेली की रस्त्यावर काळी रेघ, आणि त्या रेघेवरनं घसरलेले दोन स्कूटरवाले आमच्या ऑफिसात येऊन भांडून गेले. तो रस आणि खारी हवा मिळून पत्र्याची जी काय चाळण होते ती किनारपट्टीवर राहणाऱ्याला सांगायला नको, तुम्ही राहता का किनारपट्टीवर? नारळाची सोडणं आणि झावळ्या प्लेटमध्ये अडकल्या की कोयत्याने तोडून काढायच्या, ते वेगळंच. तिसऱ्या पावसानंतर गाडी शेडमागे लागली ती लागलीच. मी रिटायर झालो तेव्हा तिच्या हॉपरमध्ये मांजर व्यायली होती.

फॅडबद्दल दोनच गोष्टी. पॅरिसमध्ये पूबेल नावाच्या प्रीफेक्टने (तिथल्या बड्या सरकारी अधिकाऱ्याने) १८८४ मध्ये घरमालकांना झाकणाचे डबे ठेवायला लावले, आणि डबे किती? तीन. एक कुजणाऱ्याला, एक कागद-चिंध्यांना, एक काचा, फुटकी भांडी आणि कालवांच्या शिंपल्यांना. कालवं खाऊन शिंपल्या कुठे टाकायच्या हा प्रश्न फक्त आपल्याकडेच नाही, वाचून मला फार बरं वाटलं होतं. फ्रेंचमध्ये अजून कचऱ्याच्या डब्याला त्याचंच नाव आहे. आणि आपल्याकडे म्हणाल तर पर्यावरणासाठी लढणाऱ्या अलमित्रा पटेल बाईंनी १९९६ ला शहरांच्या कचऱ्याबद्दल सुप्रीम कोर्टात याचिका केली, त्यातनं कचऱ्याचे २००० चे नियम आले, मग २०१६ चे, ज्यात ओला, सुका आणि घरातला घातक असे तीन भाग घरीच करायला सांगितले होते. हे ‘आजकालचं’? लांब कशाला, वेंगुर्ल्याला जाऊन या. रामदास कोकरे मुख्याधिकारी असताना तिथे दारातच कचरा वेगळा घ्यायला लागले, प्लास्टिकचा चुरा रस्त्याच्या डांबरात गेला, आणि डेपो बघायला लोक बाहेरगावाहून येतात. आमच्या डेपोवर फक्त घारी येतात. आणि दारात वेगळा घेतलेला कचरा कॉम्पॅक्टरमध्ये एकत्र दाबायचा, मग बायाबापड्यांनी घरी दोन डबे ठेवायचे कशाला, हा माझ्या पोस्टचा मुद्दा होता, त्याला तुम्ही हात लावला नाहीत. (हात लावण्याबद्दल बोलताय म्हणून म्हटलं.)

कामगारांचं म्हणाल तर तो वेगळा विषय आहे, ठेका, पगार, हातमोजे यावर स्वतंत्र लिहावं लागेल, एका पोस्टमध्ये सगळं बसत नाही. मी त्यांच्यातच आयुष्य काढलंय, मला त्यांच्याबद्दल कुणी शिकवू नये.

छोटा हत्ती, म्हणजे टाटाची ती छोटी मालगाडी, २००५ मध्ये बाजारात आला, पुढे आमच्या गॅरेजला आला तेव्हा मागे मधोमध पत्रा मारून ओल्याचे-सुक्याचे दोन कप्पे आम्हीच वेल्डिंग करून केले, वर ताडपत्रीला अँगलची कमान. चालवायला साधं लायसन्स पुरतं, बिघडला तर नाक्यावरचा मेस्त्री दुरुस्त करतो. अशा पाच गाड्या घ्या एवढंच मी म्हटलं होतं, त्यावर माझं खानदान काढायची गरज नव्हती. खानदान काढलं नाहीत, माहीत आहे, पण ‘काका’ ज्या सुरात लिहिलंत तो सूर कळतो हो. माझा पुतण्याही पैसे मागायचे नसले की असाच म्हणतो.

परत लिहायचं असेल तर जरूर लिहा, नाव घालून लिहा.

ता. क. तुमची कमेंट मी उडवल्याचं तुम्ही दुसरीकडे लिहिलंत असं कळलं. ती दोनदा पडली होती म्हणून एक काढली. दुसरी आहे तिथेच आहे, खाली जाऊन बघा.