डोव्हरकोर्टचा किनारा आणि आपलं वळिवडे

इंग्लंडला जाणाऱ्या आपल्या माणसांची यादी साधारण ठरलेली असते. लंडन, बाथ, स्टोनहेंज, लेक डिस्ट्रिक्ट, सवड असली तर एडिनबरा. ती ठिकाणं सुंदर आहेतच. पण त्या यादीत कधीच नसणाऱ्या एका गावाबद्दल आज सविस्तर लिहायचं आहे, आणि त्याच्या आधाराने, कोल्हापूरजवळच्या वळिवडे गावासाठी, आपल्या कोल्हापूरकरांकडे एक मागणी करायची आहे. पोस्ट मोठी आहे, सवडीने वाचा.

गावाचं नाव डोव्हरकोर्ट. एसेक्सच्या ईशान्य टोकाला स्टाउर आणि ऑर्वेल या दोन नद्या एकत्र येऊन समुद्राला मिळतात. त्या मुखाशी जमिनीची एक चिंचोळी जीभ पुढे आलेली आहे, तिच्या टोकाला हॅरिचचं जुनं बंदर आणि त्याला लागून हे उपनगर. माझी भाची कोल्चेस्टरला राहते, त्यामुळे माझं जाणं झालं. लंडनहून यायचं तर लिव्हरपूल स्ट्रीटवरून मॅनिंगट्रीपर्यंत तासाभराचा प्रवास, तिथे गाडी बदलायची आणि छोट्या फाट्यावरची लोकल धरायची. ही लोकल स्टाउरच्या खाडीकाठाने जाते. ओहोटी असेल तर खिडकीतून नुसता चिखल दिसतो, चकचकीत, करडा, त्यात चोची खुपसून चरणारे पक्षी. मिस्टली, रॅब्नेस, मग हॉलंडच्या बोटी सुटतात ते हॅरिच इंटरनॅशनल, आणि त्यापुढे डोव्हरकोर्ट.

उतरल्यावर बघण्यासारखं काय आहे, असं कुणी विचारलं तर पटकन उत्तर देता येत नाही. लांबलचक फरसबंद किनारा. रंगीत लाकडी खोल्यांची रांग, ज्यांना तिकडे बीच हट म्हणतात. आत दोन खुर्च्या, एक गॅसची शेगडी आणि किटली मावेल एवढीच जागा. कुत्र्यांना फिरवणारी वयस्क माणसं. राणी व्हिक्टोरियाचा १९०४ सालचा पुतळा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर जॉन बॅगशॉ नावाच्या इथल्या खासदाराने या गावाचं उंची समुद्रस्नानाचं ठिकाण करायचं मनावर घेतलं, उंच घरांची देखणी रांग बांधली आणि त्यात त्याचं दिवाळं निघालं. पुढे कामगारवर्गासाठी हॉलिडे कॅम्प आले, उन्हाळ्यात गर्दी व्हायला लागली. मग विमानाने स्पेनला जाणं स्वस्त झालं आणि इंग्लंडच्या कितीतरी किनाऱ्यांसारखा हाही निवांत झाला. मला तो तसाच आवडला. तिथे कुणी तुम्हाला काही विकायला येत नाही. समुद्राकडे तोंड करून बाकावर बसावं, कुणी शेजारी येऊन बसलंच तर हवेवर दोन शब्द बोलावेत, एवढाच तिथला कार्यक्रम.

समुद्र मात्र रिकामा नसतो. बंदराच्या पलीकडच्या तीरावर फेलिक्स्टो आहे, ब्रिटनचं सगळ्यात मोठं कंटेनर बंदर. त्यामुळे त्या शांत किनाऱ्यासमोरून, पाठीवर कंटेनरचे मजले रचलेली अवाढव्य जहाजं अगदी हळू सरकत जातात. इतकी मोठी वस्तू इतक्या कमी आवाजात जाताना मी कधी पाहिली नव्हती.

त्या किनाऱ्यावरच १८६३ सालची दोन लोखंडी दीपगृहं उभी आहेत. दीपगृह म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर दगडी मनोरा येतो. हे तसे नाहीत. वाळूत रोवलेले लोखंडी पाय आणि त्यावर बहुकोनी खोली. एक किनाऱ्यालगत, सहा पायांचं, उंच. दुसरं आत पाण्यात, चार पायांचं, बुटकं. दोन कशासाठी, हे मला तिथल्या एका आजोबांनी समजावलं. ते आपल्या हटच्या दाराला निळा रंग देत होते. हातातला ब्रश खाली ठेवून त्यांनी दोन्ही हातांची बोटं वर केली, एक पुढे, एक मागे, आणि मला एक डोळा मिटायला सांगितला. जहाजावरून दोन दिवे एकाखाली एक, सरळ रेषेत दिसले की आपण खोल पाण्याच्या वाटेवर आहोत. खालचा दिवा बाजूला सरकलेला दिसला की सुकाणू वळवायचं. बोट जरा हललं की माझ्या डोळ्यासमोरची ओळ मोडायची, तेव्हा ते लगेच मला समजलं.

याआधीचे दोन मनोरे हॅरिच गावात आहेत, १८१८ सालचे. पण समोरच्या लँडगार्ड टोकाची वाळू वाढत गेली, खोल पाण्याची वाट सरकली आणि जुन्या दिव्यांची रेषा जहाजांना उथळाकडे न्यायला लागली. म्हणून नवे दिवे इकडे किनाऱ्यावर उभारले. १९१७ मध्ये तेही विझले, त्यांचं काम तरंगत्या बोयांनी घेतलं. दीडशे वर्षांहून जुनं हे लोखंड अजून जपलंय. दोन्हींना जोडणारी दगडी वाट ओहोटीला उघडी पडते. शेवाळाने हिरवी आणि निसरडी. मी थोडंसंच चालून पहिल्याच्या खांबापर्यंत गेले. शंखशिंपल्यांचा जाड थर कंबरेच्या उंचीपर्यंत चढलेला, त्याच्या वर गंज, त्याच्या वर रंग. भरतीचं पाणी कुठवर येतं हे वेगळं सांगायला नको.

हे पाणी घातही करतं. ३१ जानेवारी १९५३ च्या रात्री उत्तर समुद्र खवळून आत शिरला, त्यात एकट्या हॅरिचमध्ये ८ माणसं गेली. आज आपण ज्या भिंतीवर बसून चहा पितो, तिच्याकडे हे कळल्यावर वेगळ्या नजरेने बघितलं जातं.

आता ज्यासाठी लिहायला बसले, ते.

नोव्हेंबर १९३८ मध्ये जर्मनीत एका रात्रीत सिनेगॉग, म्हणजे ज्यूंची प्रार्थनास्थळं, जाळली गेली, ज्यूंची दुकानं फोडली गेली, हजारो पुरुषांना छळछावण्यांत डांबलं. त्यानंतर ब्रिटनने एक निर्णय घेतला. सतरा वर्षांपर्यंतच्या मुलांना, आईवडिलांशिवाय, तात्पुरता आसरा द्यायचा. २ डिसेंबर १९३८ ला 'प्राग' नावाच्या बोटीतून जवळजवळ दोनशे मुलांची पहिली तुकडी हॅरिचच्या बंदरात उतरली. गळ्यात नंबराची चिठ्ठी, हातात एक लहानशी पेटी. पुढच्या नऊ महिन्यांत, युद्ध पेटेपर्यंत, अशी सुमारे १०,००० मुलं ब्रिटनमध्ये आली. त्यांपैकी बहुतेकांनी पहिलं पाऊल हॅरिचलाच ठेवलं.

ज्यांना घर ठरलेलं होतं ती मुलं लंडनला गेली. ज्यांना घेणारं कुणी नव्हतं, त्यांना डोव्हरकोर्टच्या हॉलिडे कॅम्पमध्ये ठेवलं. उन्हाळी सुट्टीसाठी बांधलेल्या लाकडी खोल्या त्या, आणि महिना डिसेंबर. त्या हिवाळ्यात बर्फ पडलं. मुलं कोट घालूनच झोपायची, खोलीतलं पाणी गोठायचं. दिवसभर सगळे मोठ्या हॉलमध्ये शेगड्यांभोवती गोळा व्हायचे. इंग्रजी शिकायचे, गाणी म्हणायचे. आणि सुट्टीच्या दिवशी मुलं जेवायला बसली की घर देऊ पाहणारी जोडपी टेबलांमधून फिरायची. लहान, गोंडस मुली आधी निवडल्या जायच्या. पंधरा-सोळा वर्षांचे पोरगे मागे राहायचे, पुढच्या आठवड्यासाठी. त्यांच्यापैकी अनेकांनी म्हातारपणी सांगितलेल्या आठवणींत हे निवडलं न जाणं येतं. त्या वयाच्या मुलाला ते कसं लागलं असेल, या विचाराने मी तिथे बराच वेळ गप्प बसून होते.

कुत्रं फिरवणाऱ्या एका बाईंना कॅम्प कुठे होता म्हणून विचारलं. त्यांनी हाताने दाखवलं. आज तिथे घरं आहेत. साधी, विटांची, पुढे गाडी लावायची जागा असलेली. बीबीसीच्या एका गाजलेल्या विनोदी मालिकेचं चित्रीकरण त्याच कॅम्पमध्ये झालं होतं, आणि गावातल्या पुष्कळांना कॅम्प म्हटलं की आधी तेच आठवतं, असं त्या म्हणाल्या. त्यात त्यांचा काही दोष नाही. माणसं हसवणाऱ्या गोष्टी जवळ ठेवतात.

पण या गावाने एक चांगलं काम केलं. २०२२ मध्ये हॅरिचच्या धक्क्यावर त्या मुलांचं स्मारक उभं राहिलं. शिल्पकार इयान वोल्टर. बोटीच्या फळीवरून उतरणारी पाच मुलं, ब्राँझची, खऱ्या मुलांच्या उंचीची. त्यांना उंच चौथऱ्यावर चढवलेलं नाही, आपण थेट त्यांच्या शेजारी उभे राहू शकतो. प्रत्येकाचा चेहरा वेगळा आहे. कुणी उत्सुक, कुणी घाबरलेलं, कुणी मागे वळून बघणारं. आणि ती उभी आहेत ती जागा महत्त्वाची. समोर तेच पाणी, ज्यावरून ती आली. लंडनच्या लिव्हरपूल स्ट्रीट स्टेशनबाहेर याच मुलांचा दुसरा पुतळा आहे, २००६ चा, फ्रँक माइस्लरने केलेला. माइस्लर स्वतः त्या मुलांपैकीच एक. तोही फार चांगला आहे, पण भोवती बस, टॅक्सी, ऑफिसला पळणारी माणसं. हॅरिचला वारा तोंडावर येतो आणि ते मूल कुठून कुठे आलं ते अंगाला कळतं.

एक गोष्ट मला स्पष्ट म्हणायची आहे. ब्रिटनने मुलं घेतली, हे मोठंच काम. पण त्यांच्या आईवडिलांना घेतलं नाही. ५० पौंडांची हमी मागितली, मुलांपुरता परवाना दिला आणि मोठ्यांसाठी दार जवळपास बंद ठेवलं. त्या मुलांपैकी अनेकांना आईवडील पुन्हा कधीच दिसले नाहीत. दया आणि हिशेब दोन्ही एकाच निर्णयात होते. कौतुक करताना दोन्ही सांगायला हवेत. त्याने ज्यांनी घराचं दार उघडलं त्या साध्या कुटुंबांचं मोल कमी होत नाही.

हे सगळं बघताना माझ्या मनात सतत वळिवडे येत होतं.

कोल्हापूरच्या बाहेरची नवी पिढी सोडा, कोल्हापुरातल्याही कितीतरी जणांना हे माहीत नाही. १९४० पासून स्टालिनच्या राजवटीने लाखो पोलिश लोकांना घरातून उचलून सायबेरियाच्या श्रमछावण्यांत नेलं. १९४१ नंतर सुटका झाली तेव्हा जे वाचले ते इराणमार्गे बाहेर पडले. त्यांतली काही मुलं गुजरातमधल्या जामनगरच्या महाराजांनी, म्हणजे जामसाहेबांनी, जवळच्या बालाचडीला ठेवून घेतली, ही गोष्ट बऱ्याच जणांनी ऐकलेली असते. पण त्याहून कितीतरी मोठी वसाहत आपल्या कोल्हापूरजवळ वळिवडेला होती. १९४३ ते १९४८. सुमारे ५,००० माणसं, मुख्यतः बायका आणि मुलं. शाळा, चर्च, दवाखाना, नाटकाचा रंगमंच, स्काउटची पथकं, सगळं तिथे होतं. १९४६ मध्ये बालाचडीची मुलंही इथेच आणली. माझी आजी सांगायची, मंडईत गोऱ्या बायका यायच्या, बोटांनी भाव विचारायच्या आणि नंतर नंतर चक्क मराठीत घासाघीस करायच्या.

ते लोक गेले आणि फाळणीनंतर सिंधी निर्वासित त्याच बराकींत राहायला आले. तेच आजचं गांधीनगर. लग्नाचा बस्ता बांधायला आपण जिथे जातो, ते. एकाच जमिनीने दोन देशांतल्या उखडलेल्या माणसांना लागोपाठ छप्पर दिलं. अशी जागा जगात कुठेही असती तर तिथे शाळेच्या सहली गेल्या असत्या.

कोल्हापुरात महावीर उद्यानात पोलिश लोकांच्या आठवणीचा स्तंभ आहे, इथे वारलेल्यांच्या कबरी आहेत. वळिवडेत वाढलेले लोक पुढे पोलंडहून, इंग्लंडहून पुन्हा पुन्हा भेटीला आले, त्यांचे स्वागत-समारंभ झाले. हे सगळं मान्य. पण समारंभ संपला की मांडव निघतो. रोज गांधीनगरला जाणाऱ्या माणसाला, तिथे दुकान चालवणाऱ्या तरुणाला, वळिवडेच्या शाळेतल्या मुलीला, आपण कुठे उभे आहोत हे सांगणारं काहीतरी कायम तिथे हवं. हॅरिचसारखं महागडं शिल्पच हवं असं नाही. मराठी, सिंधी आणि पोलिश अशा तीन भाषांतला एक नीट मजकुराचा फलक चालेल. वसाहतीचा नकाशा आणि दोन-चार फोटो. इथे बराकी होत्या, इथे शाळा होती, इथे चर्च होतं, असं बोट ठेवून दाखवता आलं पाहिजे. डोव्हरकोर्टला त्या बाईंनी मला जसं हात लांबवून दाखवलं, तसं दाखवू शकणारी माणसं आपल्याकडेही आता फार उरलेली नाहीत. ज्यांनी ती वसाहत डोळ्यांनी पाहिली ते सगळे ऐंशीच्या पुढचे आहेत.

म्हणून दोन विनंत्या. इंग्लंडला जाणार असाल, त्यातून एसेक्स किंवा सफकमध्ये कुणी आपलं माणूस असेल, तर एक दिवस डोव्हरकोर्टसाठी काढा. ओहोटीची वेळ आधी बघून ठेवा म्हणजे दीपगृहांजवळ जाता येईल. मग किनाऱ्याकिनाऱ्याने हॅरिचच्या धक्क्यापर्यंत चालत जा, रस्ता सपाट आहे, गुडघे दुखणाऱ्यांनाही जमेल. गरम कपडे न्या, उन्हाळ्यातसुद्धा.

आणि ज्यांच्या घरात वळिवडेच्या पोलिश वसाहतीच्या आठवणी सांगणारं कुणी आहे, आजी, आजोबा, जुने शेजारी, गांधीनगरातली सिंधी कुटुंबं, त्यांनी मोबाइल समोर ठेवून त्यांचं बोलणं या महिन्यात रेकॉर्ड करा. कुणाकडे फोटो असतील, त्या काळातली एखादी वस्तू असेल तर मला कळवा. ग्रामपंचायतीकडे फलकाची मागणी घेऊन जायचं माझं ठरलं आहे. सोबत कोण येणार, ते खाली लिहा.