शेती आली तरी शिकार सुटली नव्हती

‘शेतीचा शोध लागताच माणसाने शिकार कायमची सोडली’ असा मजकूर सध्या फिरतोय. तो चुकीचा आहे. पुणे जिल्ह्यातलं इनामगाव बघा. घोड नदीकाठच्या या ताम्रपाषाणयुगीन (तांब्याची आणि दगडाची हत्यारं सोबतच वापरली जात त्या काळातल्या) गावाचं उत्खनन डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात केलं. इथले लोक जव पिकवत, गुरं पाळत. पुराचं पाणी वळवायला त्यांनी बांध घालून पाटही काढला होता. इतकी तयारी असूनही हरणांची शिकार चालूच होती. अशा लोकांना मागासलेलं म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. पुढे इसवी सनपूर्व १०००च्या सुमारास शेती खालावली, ऐसपैस चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या आणि शिकारीवरची भिस्त उलट वाढली. उत्खननकर्त्यांनी याचं कारण कोरडं होत गेलेलं हवामान असं मांडलं.